बोटीवरच्या सोलरला स्विच कुठे लावायचा, कोणता लावायचा आणि किती लावायचे

प्रश्न थोडक्यात परत लिहितो म्हणजे पुढे वाचणाऱ्यांनाही कळेल. देवगडकडचे एक दादा आहेत, ३० फुटी फायबरची बोट, सीझनला पर्यटक फिरवतात, एरवी गळाची मासेमारी. छपरावर ३३० वॅटची दोन पॅनल पॅरलल जोडलेली, ४० ॲम्पिअरचा एमपीपीटी कंट्रोलर (पॅनलची वीज बॅटरीला झेपेल अशी करून देणारा डबा), खाली १५० एएचच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या, सगळी सिस्टिम १२ व्होल्टची. काम गावातल्या घरगुती इन्व्हर्टर बसवणाऱ्या वायरमनने केलंय आणि पॅनलपासून बॅटरीपर्यंत मध्ये एकही स्विच नाही. दादा विचारतात की हार्डवेअरच्या दुकानातून घरच्या बोर्डात असतो तसला ३२ ॲम्पिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा खटका) आणलाय, तो पॅनलच्या वायरवर लावू की बॅटरीच्या, आणि एकच पुरेल का.

दादा, पहिली गोष्ट, तो एमसीबी अजून डब्यात असेल तर डब्यातच राहू द्या आणि दुकानदार परत घेत असेल तर देऊन टाका. दुसरं, एकाने भागणार नाही, वायर दोन जागी तोडून स्विच घालावे लागतील. आणि तिसरं, जे तुम्ही विचारलेलं नाही पण माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे, तो म्हणजे कुठला स्विच आधी काढायचा, म्हणजे बंद करायचा, आणि तो कोण काढणार. मी रत्नागिरीला मिरकरवाड्यात आणि तिकडे हर्णैला गेली १९ वर्षं बोटींचं वायरिंग करतोय, सोलर त्यातली शेवटची दहाएक वर्षं, आणि मी जी जळालेली कामं उघडली त्यातल्या बऱ्याच ठिकाणी स्विच होता, फक्त चुकीचा होता किंवा चुकीच्या जागी होता किंवा चुकीच्या क्रमाने काढला होता.

घरात लाईटचं काम करायचं तर आपण मेन पाडतो आणि विषय संपतो, कारण वीज एकाच बाजूने येते. बोटीवर सोलर आलं की वीज दोन बाजूंनी येते, वरून पॅनल आणि खालून बॅटरी, आणि मध्ये कंट्रोलर अडकलेला असतो. बॅटरी निदान सोडवता तरी येते. पॅनलला बंद असं काही नसतंच, त्याच्यावर उजेड पडतोय तोवर ते व्होल्टेज देणारच, ढगाळ दिवशीसुद्धा व्होल्टेज जवळपास पूर्ण येतं, करंट तेवढा कमी असतो. तुमची ३३० वॅटची ७२ सेलची पॅनल धरली तर मोकळ्या वायरवर ४६ व्होल्टच्या आसपास असणार.

आता हे तांडेलाच्या भाषेत सांगतो कारण मला स्वतःला ते असंच समजावून सांगता येतं. इंजिन चालू असताना बॅटरीचा मेन स्विच काढायचा नाही, अल्टरनेटरचे डायोड जातात, हे बंदरातल्या पोरालासुद्धा माहीत असतं. अल्टरनेटर वीज बनवतोय आणि तिला जायला बॅटरीच नाही, मग व्होल्टेज उसळतं. सोलरचं अगदी तेच आहे. पॅनल म्हणजे सकाळी सातला आपोआप चालू होणारं आणि संध्याकाळी सहाला बंद होणारं इंजिन, आणि त्याला चावी नाही. म्हणून आपल्याला ती चावी बसवायची आहे, आणि ती पॅनल आणि कंट्रोलरच्या मध्येच बसते. हा स्विच नंबर १. कंट्रोलर आणि बॅटरीच्या मध्ये दुसरा, तो नंबर २.

बंद करताना आधी १ मग २. चालू करताना आधी २ मग १. म्हणजे कंट्रोलरला बॅटरी आधी दिसली पाहिजे आणि शेवटपर्यंत दिसत राहिली पाहिजे. कारण कंट्रोलर बॅटरी बघूनच ठरवतो की सिस्टिम १२ ची आहे की २४ ची, कुठल्या व्होल्टेजला थांबायचं. बॅटरीच नसताना पॅनल लागलं तर काही कंट्रोलर गप्प बसतात, काही सहन करतात, काही चुकीचं सेटिंग पकडतात आणि काही कायमचे जातात, आणि तुमचा कुठल्या प्रकारातला हे त्याच्या मॅन्युअलमध्ये वाचल्याशिवाय मी इथून सांगू शकत नाही.

एक बघितलेली गोष्ट सांगतो. मिरकरवाड्यात एका ट्रॉलरवर दोन छोटी पॅनल होती, ३६ सेलची, साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर. ज्याने बसवलं त्याने कंट्रोलरची पॉझिटिव्ह वायर बॅटरीला न नेता मेन स्विचच्या पलीकडे, जिथून लाईट आणि वायरलेस सेट निघतात त्या बाजूला टाकली, कारण तिथे नट रिकामा होता आणि वायर दोन फूट वाचत होती. कोणाला कळलं नाही, सगळं चालत होतं. एके दिवशी भर दुपारी जेटीला बोट लागलेली, एका खलाशाने बॅटरीचे टर्मिनल साफ करायला म्हणून नेहमीप्रमाणे मेन स्विच बंद केला. त्याच्या दृष्टीने अगदी बरोबर केलं. पण त्या क्षणी बॅटरी गेली आणि पॅनल थेट लाईनवर आलं, २० व्होल्टच्या वर, आणि वायरलेस सेट १३.८ व्होल्टचा, त्याला साधारण १६ च्या पुढे झेपत नाही. मी संध्याकाळी पोचलो तेव्हा तांडेलाने सेटचं झाकण उघडून ठेवलं होतं, आत एक कपॅसिटर डोक्यावर फुगून फाटलेला आणि केबिनमध्ये अजून तो करपट वास. सेट गेला त्याचं दुःख आहेच, पण हेच रात्री वीस नॉटिकल मैलांवर कळलं असतं तर बोलावणार कोणाला आणि कशाने.

म्हणून तुमच्या बोटीवर आधी हे बघा की कंट्रोलरची बॅटरीकडची वायर नक्की कुठे जाते. ती मेन स्विचच्या बॅटरीकडच्या बाजूला पाहिजे, स्वतःच्या फ्यूजमधून थेट बॅटरीला. मग मेन स्विच कोणीही कधीही काढला तरी कंट्रोलरला बॅटरी दिसतच राहते आणि बोट बंद असतानाही चार्जिंग चालू राहतं. बिल्ज पंपाची लाईनही अशीच मेन स्विचला टाळून वेगळ्या फ्यूजमधून घेतात, कारण बोट जेटीला बांधून माणसं घरी गेली की तळात पाणी साठतं ते उपसायला पंप जिवंत पाहिजे. दोन्ही गोष्टींमागचा विचार एकच आहे.

आता एमसीबीबद्दल, तुम्ही आणलेला का नको. महावितरणची वीज सेकंदाला ५० सायकलची, म्हणजे करंट सेकंदात १०० वेळा शून्यावर येतो. स्विच उघडताना ठिणगी पडते ती पुढच्या शून्याला आपोआप विझते. डीसीमध्ये शून्य येतच नाही, ठिणगी लागली की लागून राहते, ती ताणून, तुकडे करून, थंड करून विझवावी लागते आणि त्यासाठी डीसी एमसीबीच्या आत वेगळी रचना असते. बरेच जण म्हणतात ४६ व्होल्ट तर आहेत, हाताला झटका पण बसत नाही, त्याला काय एवढं. तुमच्या बंदरात वेल्डिंगवाला असेल, त्याचा आर्क पेटलेला असतो तेव्हा व्होल्टेज साधारण २० ते ३० च असतं, आणि त्याने लोखंड वितळतं. करंट तिथे जास्त असतो हे खरं, पण तुमची दोन पॅनलही १८ ॲम्पिअर देतात आणि एक छोटा प्लास्टिकचा एमसीबी जाळायला ते भरपूर झाले.

हर्णैला एका बोटीवर मी असा एमसीबी उघडला होता. खटका खाली पाडलेला, मालक म्हणाला बंदच आहे, हात घाला. मी सवयीने मीटर लावला तर दोन्ही बाजूंना ४० व्होल्ट. घरी आणून रिव्हेट फोडून बघितलं, आतले दोन कॉन्टॅक्ट वितळून एक झाले होते, ज्वारीच्या दाण्याएवढा तांब्याचा गोळा, शेजारच्या पत्र्यांवर काजळी आणि बारीक बारीक तांब्याचे कण चिकटलेले, बाहेरचं पांढरं प्लास्टिक एका बाजूने चहासारखं तपकिरी. खटका खाली आला पण आतला जोड सुटलाच नव्हता. तेव्हापासून मी स्विच बंद केला म्हणून कधी विश्वास ठेवत नाही, मीटर लावल्याशिवाय वायरला हात लावत नाही, तुम्हीही लावू नका.

पूर्ण खरं सांगायचं तर काही चांगल्या कंपन्या आपल्या एसी एमसीबीच्या कॅटलॉगमध्ये लिहितात की एका पोलला ६० व्होल्टपर्यंत डीसी चालेल. तसं लेखी असेल तर गोष्ट वेगळी. पण तुमच्या एमसीबीवर २४०/४१५ आणि शेजारी नागमोडी रेघ एवढंच असेल तर तो फक्त एसीचा समजायचा. डीसीचं चिन्ह म्हणजे वर सरळ रेघ आणि खाली तुटक रेघ, ते बघून घ्या. सोलरच्या दुकानात २५० किंवा ५०० व्होल्ट डीसीचा, टू पोल एमसीबी आता सहज मिळतो, किमतीत फार फरक नाही.

घेताना एक नक्की बघा, त्याच्यावर प्लस आणि मायनस छापलंय का. छापलं असेल तर तो एकाच दिशेने ठिणगी विझवतो, आत लोहचुंबक असतो तो ठिणगी एका बाजूला ढकलतो. उलटा लावला तर ठिणगी विझवायच्या पत्र्यांकडे जायच्या ऐवजी यंत्रणेत शिरते आणि एमसीबी पेटतो, आणि साध्या मीटरवर हे कळत नाही, रोज चालू बंद होईल, सगळं ठीक वाटेल, ज्या दिवशी भर उन्हात लोडवर, म्हणजे करंट वाहत असताना, काढाल त्या दिवशी कळेल. मिळाला तर खुणा नसलेला, दोन्ही दिशांना चालणारा घ्या, दुकानदाराला तसं स्पष्ट विचारा.

साईज. पॅनलच्या मागे लेबल असतं, त्यावर शॉर्ट सर्किट करंट दिलेला असतो, तुमच्या प्रकारात तो ९.३ च्या आसपास असावा. दोन पॅरलल म्हणजे १८.६, त्याला १.२५ ने गुणा म्हणजे २३ च्या वर, म्हणून ३२ ॲम्पिअरचा बरोबर आहे, आकडा तुम्ही नीट धरलात, जात चुकली एवढंच. पण हे लक्षात असू द्या की पॅनलकडचा एमसीबी हा फक्त स्विच आहे, तो संरक्षण देत नाही. पॅनल शॉर्ट झालं तरी १८.६ च्या फार वर करंट देऊच शकत नाही, मग ३२ चा एमसीबी ट्रिप होणार कसा. म्हणून छपरावरून येणारी वायर स्टीलच्या पाईपला घासणार नाही, कुठे चेपणार नाही हे वायर टाकतानाच बघावं लागतं, तिथे एमसीबी वाचवायला येणार नाही. दोनच पॅनल पॅरलल असतील तर प्रत्येकाला वेगळा फ्यूजही लागत नाही, कारण एक बिघडलं तरी दुसऱ्याचे ९ ॲम्पिअरच उलटे येणार. उद्या तिसरं चढवलंत तर मात्र दोघांचे मिळून १८ येतील आणि बऱ्याच पॅनलच्या लेबलवर जास्तीत जास्त १५ चा फ्यूज लिहिलेला असतो, तेव्हा प्रत्येक पॅनलला फ्यूज घालायचा.

स्विच टू पोलच घ्या, म्हणजे प्लस आणि मायनस दोन्ही तुटतील. घरात आपण फेज तोडतो आणि भागतं. बोटीवर सगळीकडे मिठाचा ओलसर थर बसलेला असतो आणि तो वीज वाहून नेतो. पॅनलची एक वायर मायनसला लागलेलीच राहिली आणि दुसरी कुठेतरी सालून पाईपला टेकली की स्विच बंद असूनही थोडा थोडा करंट गळत राहतो, आणि डीसीचा गळका करंट पाण्यातल्या धातूला खातो. पंखा, शाफ्ट, तळातल्या नळांच्या फिटिंग, बोटीच्या धातूऐवजी स्वतः झिजायला लावलेल्या झिंकच्या वड्या वर्षभर पुरायच्या त्या दोन महिन्यांत संपल्या तर तांडेल पाण्याला दोष देतो, मी आधी वायरिंग बघतो.

बॅटरीकडची बाजू जास्त धोक्याची, इथे माझं मत ठाम आहे. तिथे एमसीबी नको, फ्यूज लावा आणि शेजारी बॅटरीचा फिरता स्विच, हाच आपला नंबर २. कारण चार्जिंगचा करंट कंट्रोलरकडून बॅटरीकडे जातो पण वायर शॉर्ट झाली तर करंट बॅटरीकडून उलटा धावतो, म्हणजे एका दिशेचा एमसीबी इथे कसाही लावला तरी एका प्रसंगी उलटाच. आणि शॉर्टमध्ये तुमच्या दोन बॅटऱ्या मिळून हजारांत ॲम्पिअर सोडतील, स्वस्तातला एमसीबी ते तोडू शकत नाही. फ्यूज ५० ॲम्पिअरचा, कंट्रोलरच्या ४० च्या सव्वापट, एएनएल किंवा मिडी प्रकारचा, बोल्टने आवळायचा. काचेचा किंवा गाडीतला पात्याचा नको.

फ्यूज बॅटरीच्या जवळ, कंट्रोलरच्या नाही. फ्यूज वायरला वाचवतो, आणि बॅटरी ते फ्यूज एवढा तुकडा कायम विनासंरक्षण राहतो, म्हणून तो जितका आखूड तितका चांगला. अमेरिकेतल्या बोटींसाठी एबीवायसीचे नियम आहेत त्यात हे अंतर सात इंच दिलंय, म्हणजे वितीपेक्षाही कमी. मी वीत लावूनच मोजतो. जागाच नसेल तर त्या तुकड्यावर जाड स्लीव्ह चढवून थोडं लांब चालतं पण त्याची सवय लावू नका.

वायर कंट्रोलर ते बॅटरी १६ स्क्वेअर एमएम टाका. अंतर दोन मीटर धरलं, जाऊन येऊन चार, तर १० स्क्वेअरवर ४० ॲम्पिअरला पाव व्होल्टपेक्षा जास्त गळतो, १६ वर त्याच्या साधारण साठ टक्के. पाव व्होल्ट ऐकायला काहीच वाटत नाही, पण कंट्रोलरला वाटतं १४.४ झाले, बॅटरी भरली, आणि बॅटरीला प्रत्यक्षात मिळतात १४.१, मग ती वर्षानुवर्षं अर्धपोटी राहते आणि आपण कंपनीला नावं ठेवतो. पॅनलकडून सहा स्क्वेअरची सोलर डीसी केबल पुरे.

सोलर केबलचा एक मोठा फायदा म्हणजे ती आतून कल्हई केलेली असते. पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं, म्हणून आपल्या आज्या भांड्यांना कल्हई लावून घ्यायच्या, अगदी तीच गोष्ट वायरची. साधी घरगुती तांब्याची वायर खाऱ्या हवेत टोकाकडून हिरवी पडत आत जाते, मी वर्षभराची वायर फूटभर सोलून बघितलीय, तिथेही आतली तार काळी. म्हणून बॅटरीकडची जाड केबलही टिन केलेलीच मागा. थोडी महाग पडते, दरवर्षी बदलण्यापेक्षा स्वस्त. टोकाला थिंबल, म्हणजे बोल्टसाठी भोक असलेली धातूची टोपी, नीट क्रिम्प करून, वर गोंदवाली हीट श्रिंक. एमसीबीत मोकळ्या तारा पिळून घालू नका, पिन लग लावा, नाहीतर डिझेल इंजिनच्या हादऱ्याने स्क्रू महिन्याभरात सैल होतो, सैल जोड तापतो, तापला की अजून सैल होतो.

जागा कुठली, हे बोट बघितल्याशिवाय पूर्ण सांगता येणार नाही, पण विचार कसा करायचा ते सांगतो. बॅटरीच्या पेटीत कुठलाही स्विच नको. तुमच्या ट्युब्युलर पाण्याच्या बॅटऱ्या आहेत, चार्ज होताना हायड्रोजन सोडतात, हवेत ४ टक्के झाला की ठिणगीने स्फोट होतो आणि तो हलका असल्याने पेटीच्या झाकणाखालीच साठतो. फ्यूजसुद्धा पेटीच्या बाहेर भिंतीला, वितीच्या आत बसेल असा. पेटीला वर हवा जायला वाट आहे ना तेही बघून घ्या. पॅनलचा स्विच नंबर १ मात्र सुकाणूच्या जवळ, उभ्या माणसाच्या हाताला लागेल असा. कारण केबिनमध्ये धूर झाला तर तुम्हाला खाली वाकून, धुरात जाऊन स्विच शोधावा लागता कामा नये. आणि त्या वेळी तुम्ही बोटीवर असालच असं नाही, पर्यटकांच्या बोटीवर कधी भाचा असतो, कधी नवा खलाशी, म्हणून मी ऑईल पेंटने मोठ्या अक्षरात मराठीत लिहून ठेवतो, बंद १ मग २, चालू २ मग १. स्टिकर नको, उन्हाने उडतो.

स्विचची पेटी आयपी ६५ ची, म्हणजे धूळ आणि पाण्याचा फवारा आत न घेणारी घ्या, केबल खालूनच आत घ्या, ग्लँडमधून, आणि शिरण्याआधी वायरला खाली एक झोका द्या म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी तिथेच टपकेल. वरून भोक पाडलेली पेटी कितीही सिलिकॉन थापलं तरी एका पावसात भरते.

एमसी४ कनेक्टर, म्हणजे पॅनलच्या वायरला असतात ते काळे, त्यांना स्विच म्हणून वापरू नका. स्विच नसल्याने सध्या तुम्ही तेच ओढून काढत असणार असा माझा अंदाज आहे. त्यांच्यावर लिहिलेलंच असतं की लोडवर सोडवू नका. उन्हात ओढला की आतली पिन दरवेळी थोडी जळते आणि मग ती जळकी पिन कायम तापत राहते. स्विच बसवाल तेव्हा ते चारही उघडून आत टॉर्च मारा, पिन काळी असेल तर कापून नवे लावा, नर आणि मादी दोन्ही एकाच कंपनीचे, दोन कंपन्यांचे एकमेकांत बसतात पण नीट धरत नाहीत.

प्रत्यक्ष काम सूर्य मावळल्यावर करा. दिवसाच करावं लागलं तर पॅनलवर जाड ताडपत्री दुहेरी टाका, कडा बांधा, आणि मीटरवर बघा व्होल्टेज खरंच पडलंय का, पातळ निळ्या प्लास्टिकखाली मीटर चांगलं व्होल्टेज दाखवतो. सध्या तुमच्याकडे स्विच नाहीत म्हणून सोडवताना आधी पॅनलच्या वायर कंट्रोलरमधून काढा, टोकांना लगेच टेप, मग बॅटरीच्या. जोडताना आधी बॅटरीची बाजू पूर्ण करा, फ्यूज सगळ्यात शेवटी बसवा, फ्यूज बसवताना एक छोटी ठिणगी येऊ शकते ती कंट्रोलरच्या आतल्या कपॅसिटरची, घाबरू नका. स्क्रीनवर बॅटरीचं व्होल्टेज दिसलं, १२ ची सिस्टिम पकडली, मगच पॅनल. पॅनलची प्लस मायनस मीटरने बघून मग जोडा, वायरच्या रंगावर जाऊ नका, आधीच्या माणसाने कुठला रंग कुठे वापरलाय ते तुम्हाला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी बाराच्या उन्हात तासभर चालू ठेवून प्रत्येक जोडाजवळ हात न्या, एमसीबी, फ्यूज होल्डर, थिंबल. कोमट चालेल, चटका बसता कामा नये. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून फ्यूजच्या दोन टोकांत बघितलं तर अजून चांगलं, एखादा जोड बाकीच्यांपेक्षा जास्त दाखवत असेल तर तोच सैल आहे. महिन्याने सगळे स्क्रू परत एकदा आवळा. आणि स्विच नंबर १ महिन्यातून एकदा सकाळी लवकर, करंट कमी असताना, चारपाच वेळा वरखाली करा, खाऱ्या हवेत न हलवलेला खटका अडकतो.

काहींनी खाली लिथियमबद्दल विचारलंय. तिथे क्रम हाच, पण लिथियम बॅटरीचा बीएमएस (बॅटरीच्या आतलं तिला सांभाळणारं सर्किट) स्वतःच बॅटरी तोडू शकतो, म्हणजे तुम्ही काहीही न करता भर उन्हात नंबर २ बंद झाल्यासारखं होतं, त्यामुळे कंट्रोलर ते सहन करणारा आहे का हे आधी विचारून घ्यावं लागतं, आणि शॉर्टचा करंट फारच मोठा असल्याने फ्यूज टी क्लासचा लागतो. दादांच्या ट्युब्युलरला याची गरज नाही.

पावसाळ्याचं एक राहिलं. १ जून ते ३१ जुलै बंदी, पर्यटनही बंद, बोट वर ओढून शाकारली जाते. पॅनल झाकली जाणार म्हणजे चार्जिंग नाही, आणि कंट्रोलर मात्र बॅटरीतून थोडी थोडी वीज पीत राहतो. बोट ओढायच्या दिवशी नंबर १ बंद, मग नंबर २ बंद, बॅटऱ्या घरी नेऊन डिस्टिल्ड वॉटर भरून महिन्यातून एकदा चार्ज. नारळी पौर्णिमेच्या आसपास परत बोटीवर आणाल तेव्हा आधी मायनस प्लस टर्मिनल घासून, नंबर २ चालू, स्क्रीन बघा, मग शाकारणी निघाल्यावर नंबर १.

तुमची प्रवासी बोट आहे म्हणून एक सांगून ठेवतो, मेरीटाईम बोर्डाच्या पाहणीच्या वेळी हे नवीन वायरिंग सर्व्हेयरना स्वतःहून दाखवा आणि एका कागदावर दोन स्विच, फ्यूज आणि वायरच्या साईज यांची साधी आकृती काढून केबिनमध्ये लॅमिनेट करून लावा, पुढे काम करणाऱ्या माणसालाही ती लागेल.

आता दादा, सामान घ्यायच्या आधी दोन फोटो टाका. एक पॅनलच्या मागच्या लेबलचा, आकडे वाचता येतील असा, कारण मी वर जे ४६ आणि ९.३ धरलंय ते तुमच्या पॅनलचं असेलच असं नाही आणि स्विचची साईज त्यावरच ठरते. दुसरा बॅटरीच्या पेटीचा, झाकण उघडून, कंट्रोलरची वायर कुठल्या नटाला जाते ते दिसेल असा.